वेगळ्या फळीवरचं ताट

बाळ्या,

रात्रपाळी करून आत्ताच आडवा झालायस म्हणून उठवत नाही. चिमणीला घेऊन दवाखान्यात चालले आहे, तिची औषधं आजपासून सुरू होतील. सूनबाई कामावरून परस्पर तिकडे येईल.

शाळेच्या कँटीनवाल्याशी भांडायला जाऊ नकोस. पोरीच्या पोटात जंतू निघाला, हे खरं. पण काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा जंतू घरोघरी असतो, कितीतरी पोरांना लहानपणीच होतो, आणि बहुतेक वेळा घरातल्याच माणसाकडून. नेमका कुणाकडून, ते सांगता येत नाही. माझ्याकडूनही असेल.

मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला पोटाचा त्रास आहे का? मी ठणकावून नाही म्हणाले. तर चिमणीच म्हणाली, "बाबा दाढीच्या डब्यामागे गोळ्या ठेवतात. आणि माझा घास गरम आहे का, ते माझ्याच चमच्याने चाखून बघतात." मला तोंड लपवायला जागा उरली नाही. कधीपासून दुखतंय रे? आईपासून लपवतोस?

त्या गोळ्या मी दाखवायला नेल्या आहेत, घरभर शोधत बसू नकोस. उठलास की सरळ दवाखान्यात ये. तुझी तपासणी कधी करायची, ते बाईच ठरवतील.

जेवण झाकून ठेवलंय. पोरीचं दुखायला लागल्यापासून तू माझं ताट वेगळ्या फळीवर ठेवतोस. तुझं मी सगळ्यांच्या ताटांतच ठेवलं आहे.

आई