अंबाड्यातले गर

आये, तू काजूच्या फॅक्टरीतून अंबाड्यात गर लपवून आणायचीस, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. तुला जाऊन वीस वर्षं झाली. मी चौथी शिकलेली, मला लिहायचा कंटाळा. पण साडेआठ वाजलेत, नऊला माझ्या शेडवर बायका कामाला येतील. त्याआधी कोणाशी तरी बोलायला हवं.

संध्याकाळी सुटताना शेठाणी दारात तुमची झडती घ्यायची. पदर झटक, ओटी सोड, डबा उघड. अबोलीची वेणी माळलेल्या डोक्याला मात्र ती हात लावायची नाही. तू घरी येतेस, चुलीपुढे बसून केस सोडतेस, आणि पाच-सहा गर माझ्या ओंजळीत पडतात. खोबरेलाचा वास लागलेले. तसे गोड काजू मी पुन्हा खाल्ले नाहीत. आणि तीच तू, मी वर्गातल्या एकीची पेन्सिल उचलून आणली तेव्हा उलथन्याने मारलंस. "दुसऱ्याच्या वस्तूला हात लावशील परत?" मी रडत विचारलं, "मग तू गर आणतंस ते?" तू काजूच्या चिकाने काळी पडलेली, सालं निघालेली बोटं माझ्या तोंडापुढे धरलीस. "ही बघ. ह्या कातडीचे हायत ते. खा नि गप ऱ्हव."

आता हातखंब्याच्या रस्त्याला माझी स्वतःची शेड आहे, हाताखाली बारा बायका आहेत, मोबाईलवर दिसणारा कॅमेरा आहे. झडती मीच घेते. तुकडा गर अख्ख्यात मिसळून पाकिटं भरते, गेल्या सालचा माल यंदाचा म्हणून मुंबईच्या गिऱ्हाइकाला देते, आणि त्याला धंदा म्हणते. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण एखादीने एक गर तोंडात टाकला की माझं डोकं फिरतं. तेव्हा चोरी कशाला म्हणायचं ते शेठाणी ठरवायची, आता मी ठरवते.

काल कॅमेऱ्यात दिसलं, आमची सगळ्यात जुनी बाई, साठीला आलेली, सारखा अंबाडा चाचपत होती. मला दुसरं काय सुचणार? सुटताना तिला थांबवलं.

"अंबाडा सोड."

"वयनी, नको."

"का नको? सोड म्हटलं ना!"

सगळ्या बघत होत्या. ती सोडेना, तेव्हा मीच ओढला. गर एकसुद्धा पडला नाही. गंगावन पडलं. आजारपणात केस गेलेले, खालची कातडी दिसत होती. तेवढ्यासाठी ती चाचपत होती. तिने पदर डोक्यावर घेतला. रडली नाही. एवढंच म्हणाली, "वयनी, इतकी वर्सं कुठल्या शेठाणीन अंबाड्यात बघितलान नाय. तुमाला कोणी शिकवलान?"

आये, मी काय बोलले ते ऐक. "होती एक चोरटी बाई," म्हटलं, "तिच्यावरून कळलं." मागची एक पोरगी फिसकन हसली, "काय गो हुशार बाय ती!" आणि तिच्याबरोबर मीपण हसले.

नऊ वाजून गेले. अकराजणी आल्यात, माना खाली घालून बिया फोडतायत. गंगावन माझ्या टेबलाच्या खणात आहे, पेपरात गुंडाळलेलं. तिचं घर वाडीच्या टोकाला, चालत दहा मिनिटं. जायला हवं, पाय धरायला हवेत, कळतंय मला. पण ती परत तेच विचारील, कोणी शिकवलं? आणि ती बाई माझी आई, हे माझ्या तोंडातून निघायचं नाही. हा कागद तरी पाठवणार कुठे? टरफलांच्या जाळात जाईल. खरं सांगू? मघापासून मी दाराकडे बघतेय, ती यावी म्हणून नव्हे. येऊ नये म्हणून.