थर्ड स्ट्रीटवरची विलो लेन

३ सप्टेंबर २०१८, सोमवार

सुट्टीचा दिवस, त्यामुळे झुंबड! सकाळी नऊलाच अंगणात सात जण फोटो काढत उभे. टेक्सासची एक बाई आमच्या पायऱ्यांवर बसून चक्क रडली. याच पायऱ्यांवर म्हणे टीव्ही मालिकेतल्या जजसाहेबांच्या मुलीने लग्नाला नकार दिला होता. तिला लिंबू सरबत दिलं. मग दारातून आत डोकावून तिने विचारलंच, "अय्या, जिना या बाजूला कसा?"

माझा नवरा वेंडेल असता तर म्हणाला असता, "बाई, तुमचा जिना कॅलिफोर्नियात आहे. इथे आम्ही राहतो."

मालिकेत आमच्या घराचं नुसतं तोंड होतं. आतलं सगळं तिकडच्या स्टुडिओत. चार उन्हाळे मालिकावाले आले, शूटिंग करून गेले. त्याला तीस वर्षं होत आली, तरी लोक जजसाहेबांचं घर शोधत ओहायोच्या या कोपऱ्यात येतात. मला आवडतं. का खोटं बोलू?

५ सप्टेंबर

रूथॲन पीच भरलेली पेस्ट्री घेऊन आली. शेजारीण, आणि मालिकेतली एका वाक्याची नटी — "जजसाहेब, कॉफी गार होतेय." तीस वर्षं सांगतेय. दर वर्षी ते वाक्य थोडं लांबतं.

आज बातमी घेऊन आली होती. नगर परिषद आपल्या गल्लीचं नाव बदलणार. थर्ड स्ट्रीट जाणार, विलो लेन येणार, सरकारी कागदोपत्री! मालिकावाल्यांनी खांबावर लावलेली 'विलो लेन'ची पाटी कुणी काढलीच नव्हती. गावात सगळे तेच नाव घेतात, पोस्टमनसुद्धा.

"अठराला सभा आहे. ठराव तूच मांडायचास, नदीन. जजसाहेबांच्या घरची तू! दुसरं कोण मांडणार?"

हो म्हणाले. हसून म्हणाले.

६ सप्टेंबर

दिवसभर काही सुचलं नाही. पेस्ट्री तशीच पडून आहे.

८ सप्टेंबर

लिहूनच टाकते. निदान या पानाशी तरी लपवाछपवी नको.

दोन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, वेंडेल स्वयंपाकघरात छाती धरून खाली बसला. मी मोबाइलवरून रुग्णवाहिका बोलावली. पलीकडच्या मुलीने पत्ता विचारला. मी सांगितलं — अकरा, विलो लेन.

आमच्या गावातलं शेंबडं पोरही डोळे मिटून पोचलं असतं. पण तोवर ते फोन चाळीस मैलांवर, जिल्ह्याच्या गावी घ्यायला लागले होते. त्या मुलीला मालिका काय ठाऊक! आणि जिल्ह्यात एक खरीखुरी विलो लेन आहे. नदीपलीकडे, पाइन रिजमध्ये. गाडी तिकडे गेली. एकोणीस मिनिटं फुकट गेली. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर..."

कारिनला मी सांगितलं, गाडीला उशीर झाला. लेकीशी खोटं नाही बोलले. फक्त उशीर का झाला, ते गिळलं. ती कोलंबसहून दर रविवारी फोन करते. आम्ही हवेबद्दल बोलतो, तिच्या गाडीच्या टायरबद्दल बोलतो.

आणि आता तेच नाव मी सरकारी करायला उभी राहू?

११ सप्टेंबर

आज कपाट आवरताना लोकरीची लाल टोपी सापडली. नाताळचा भाग त्यांनी भर जुलैत चित्रित केला होता! सगळ्या गल्लीवर साबणाचा फेस. आम्ही सगळे स्वेटर-मफलर घालून घामाने निथळतोय. आणि वेंडेलने गवत कापायचं यंत्र सुरू केलं. त्या आवाजाने शूटिंग ठप्प! दिग्दर्शक धावत आला, हात जोडायचाच बाकी. वेंडेल शांतपणे म्हणाला, "शनिवारी मी गवत कापतो. तुमच्या बर्फाखालचंसुद्धा." अख्खी गल्ली हसत सुटली.

त्याने विलो लेन हे नाव कधी तोंडी घेतलं नाही. माझ्या तोंडून निघालं की लगेच, "थर्ड स्ट्रीट, नदीन. थर्ड स्ट्रीट." पण गुरुवारी संध्याकाळी टीव्ही खिडकीत उचलून तोच ठेवायचा. निम्मी गल्ली आमच्या अंगणात जमायची. आमचं घर पडद्यावर आलं की काय आरडाओरडा! मग हातमोज्यांचा कारखाना बंद पडला, माणसं पांगली. खिडकीतल्या टीव्हीच्या त्या दिवसांत मी सदतीस वर्षांची होते, कारिन माझ्या मांडीवर झोपायची. ते दिवस मला परत हवेत. वेड्यासारखे हवेत.

१६ सप्टेंबर, रविवार

कारिनचा फोन. मी म्हटलं, "कारिन, ऐक ना..."

"काय गं आई?"

"टोमॅटो फार आलेत या वर्षी."

भित्री कुठली!

१८ सप्टेंबर, मंगळवार

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सभा. साठ-सत्तर माणसं. रूथॲनने सुरुवातीलाच आपलं वाक्य म्हणून टाळ्या घेतल्या. महापौर लायल म्हणाले, "चल नदीन, मांड ठराव."

उभी राहिले. कागद हातात होता. तो वाचलाच नाही. सगळं सांगितलं — फोन, पत्ता, पाइन रिज, एकोणीस मिनिटं. शेवटी म्हणाले, "नाव बदलायचं तर बदला. पण आधी त्या फोनवाल्या मुलीला कळवा."

लायलनी चष्मा काढून पुसला. रूथॲन उठून माझ्या शेजारी येऊन बसली. "मीही तेच सांगितलं असतं गं. इथलं कुणीही तेच सांगितलं असतं." ठराव पुढे ढकलला.

गावातली बातमी माझ्याआधी कोलंबसला पोचली असती, म्हणून हॉलबाहेर येऊन लगेच कारिनला फोन लावला. सगळं ऐकून घेतलं तिने. "शनिवारी येते," म्हणाली आणि ठेवला. एवढंच.

२२ सप्टेंबर, शनिवार

आली. रडली नाही, ओरडली नाही. स्वयंपाकघरात कोट न काढताच बसली.

"मला माहीत होतं, आई. गेल्या वर्षी त्या फोनचं रेकॉर्डिंग मागवून घेतलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. आणि रागही होता. खूप होता." मग टेबलावर बोट फिरवत म्हणाली, "तू ते ऐकायला हवंस. तुला नीट आठवत नाहीये. पण आज नको. आज जेवू या."

टोमॅटोचं सूप केलं. तिने दोनदा घेतलं.

२३ सप्टेंबर, रविवार

ऐकलं.

फोनवरची मुलगी विचारते, पत्ता? मी नुसती "वेंडेल, वेंडेल" करतेय. ती पुन्हा विचारते. तिसऱ्यांदा विचारते. मला पत्ता सांगताच येत नाहीये! मग मागून त्याचा आवाज येतो. धाप लागलेला, पण स्पष्ट. "अकरा... विलो लेन, नदीन. विलो लेन सांग."

आणि मी त्याच्यामागोमाग तेच म्हणते.