रेवाच्या पदाची आवश्यकता आणि माझ्या मिळकतीची व्यवस्था

माझी कन्या रेवा हिचे काम यंत्राला करता येत नाही, सबब तिला नोकरीवरून कमी करणे अयोग्य आहे, हे सिद्ध करण्यासाठी मी हे मृत्युपत्र लिहीत आहे. मिळकतीची व्यवस्थाही यातच लावली आहे. हे प्रतिपादन मृत्युपत्रात कशासाठी, असे कोणी विचारील. निवृत्त माणसाचे पत्र पहिल्या परिच्छेदापुढे वाचले जात नाही. मृत्युपत्र मात्र लोक शेवटच्या ओळीपर्यंत, एकमेकांच्या खांद्यावरून वाचतात.

मी, पुरुषोत्तम कृष्णकांत हर्डीकर, वय शहात्तर, मूळचा वाईचा, बदलीने येथे आलो आणि राहिलो. हल्ली मुक्काम सेक्टर ३८, चंडीगड. मी पूर्ण शुद्धीवर असून माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पत्नी नयना यांच्या मते पूर्ण शुद्धीवर असणे हाच माझा आजार आहे. त्याची नोंद घेतली.

१. सदनिका नयना यांना, त्यांच्या पश्चात रेवाला. स्वयंपाकघरातील गळका नळ आहे तसा मिळेल.

२. देह सेक्टर ३२ च्या वैद्यकीय महाविद्यालयास, विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी. देहदानाचा अर्ज तेथे पहिल्याच खेपेस स्वीकारला गेला. मी घरी येऊन तो पुन्हा तपासला. त्रुटी सापडली नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

३. एअर कूलर देवेंद्र गोखले यांच्याकडे आहे. त्यांनी तो परत करू नये, परंतु तो आपला आहे असेही म्हणू नये. ते या पत्राचे साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला लाभ झाल्यास आक्षेप निघतो. कोणी न काढल्यास मी काढीन.

४. माझ्या कौशल्याची विल्हेवाट. हे कलम मोठे आहे.

तर्कशास्त्रात एम. ए. करून मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात निवृत्तिवेतनाच्या अर्जांची छाननी केली. पहिला अर्ज परत करणे ही आमच्या शाखेची रीत होती. ज्यात त्रुटी नसे, तो संशयास्पद म्हणून परत जाई. निवृत्तीनंतर या कौशल्याचा उपयोग केवळ भाजीवाल्यावर होत होता.

रेवा मोहालीतील एका कंपनीत आहे. विम्याचे दावे तपासणारे यंत्र तिथे तयार होत होते, पण ते सर्वांशी सहमत होई. एका गृहस्थांनी इस्पितळाच्या कागदांऐवजी मुलाची लग्नपत्रिका जोडली. यंत्राने अभिनंदन करून दावा मंजूर केला. रेवा म्हणाली, “बाबा, इसको ना कहना आता ही नहीं. तुम्ही शिकवा ना, प्लीज.”

मी शिकवले. न्यायशास्त्रातील युक्तिवादाच्या पाच पायऱ्या: प्रतिज्ञा, हेतू म्हणजे कारण, उदाहरण, उपनय, निगमन, आणि मग हेत्वाभासांचे, म्हणजे फसव्या कारणांचे, सर्व प्रकार. यंत्र विद्यार्थी म्हणून उत्तम निघाले. चहाला उठत नसे. कचेरीतील मुलांनी त्याला माझेच नाव दिले. “पुरुषोत्तमजी ने फिर लौटा दिया, यार,” हे वाक्य मी तेथील जिन्यात स्वतः ऐकले आणि मला बरे वाटले.

नयना यांनी रेवाच्या फोनवरून त्याला पोह्यांचे प्रमाण विचारले. खाणाऱ्यांची संमती जोडलेली नाही, असा शेरा आला. नयना म्हणाल्या, “अहो, घरात एक होता तेवढा पुरे नव्हता का?”

या मृत्युपत्राचा मसुदाही मी त्याच्याकडे तपासणीस दिला. मृत्यूचा दाखला सोबत नाही, म्हणून तो परत आला. शिवाय नाव आणि कौशल्य दोन्ही आपल्याकडे असल्याने आपण वारस का नाही, याचे कारण नमूद करावे, असेही त्याने सुचवले. कारण नमूद करतो: समान नाव हा वारसाहक्काचा हेतू होऊ शकत नाही, अन्यथा वाईतील निम्मे पुरुष माझे पुत्र ठरतील. यंत्रास काहीही मिळणार नाही. युक्तिवाद मात्र चांगला होता.

५. आता मूळ मुद्दा. यंत्र तयार झाल्यावर कंपनीने प्रत्येक कर्मचाऱ्याकडून अर्ज मागवला: यंत्राला येत नाही असे कोणते काम तुम्ही करता? आणि हे अर्ज तपासायला यंत्रच बसवले. रेवाचा अर्ज मी स्वतः दुरुस्त करून दिला. तो परत आला. कारण: अर्जदाराची सर्व कामे यंत्र करते. मी मुद्दे बदलले, पुन्हा परत. महिनाअखेर पद रद्द होईल.

काल जेवताना मी तिला म्हटले, “तुझा हेतूच असिद्ध आहे. पद टिकेल कसे?”

“बाबा, ये आप बोल रहे हो या वो?”

नयना यांनी वाढणे थांबवले. त्यानंतर रेवाचा फोन वाजला. डेराबस्सीच्या औषध कारखान्यातील एका कामगाराची पत्नी होती. तिचा दावा यंत्राने परत केला होता. रेवा ताट सोडून बाल्कनीत गेली. “आंटीजी, रोइए मत. जो पर्ची डॉक्टर ने दी थी ना, वो दोनों तरफ से फोटो खींचिए. मैं लाइन पर हूँ.” वरण निवले. बाईंना पर्ची सापडेपर्यंत रेवा बोलत राहिली, मग कारखान्याच्या गेटवर कोणाला भेटायचे तेही सांगितले.

मी विचारले, “हे रोज?”

“रोज. पुरुषोत्तमजी लौटाते हैं, तो कोई तो उठाएगा ना फोन.”

येथे प्रतिपादन पूर्ण होते. प्रतिज्ञा: रेवाचे पद आवश्यक आहे. हेतू: यंत्र अर्ज परत करते, पण परत गेलेल्या माणसाचे पुढे काय करायचे हे त्याला ठाऊक नाही. उदाहरण: वरील बाई. हे पत्र कंपनीस माझ्या हयातीतच द्यावे. मरणाची वाट पाहण्याइतका वेळ महिन्यात उरलेला नाही.

साक्षीदार: देवेंद्र गोखले, सेक्टर ३८. चारुशीला पाठक, सेक्टर ४४.

स्थळ: चंडीगड. दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५.

चुकीची कबुली: रेवाने स्वतः लिहिलेल्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होते: “ज्यांचे दावे परत जातात त्यांचे फोन मी घेते आणि काय जोडायचे ते सांगते.” हे काम नसून गप्पा आहेत, असा शेरा मारून ते वाक्य मीच खोडले. यंत्राने ते कधी पाहिलेच नाही. ते अर्जात सर्वांत वर पुन्हा लिहावे.

(सही) पु. कृ. हर्डीकर