पर्युषणातला टायब्रेक

२८ ऑगस्ट. उत्तम क्षमा.
"पोरगी लय शांत हाय." कराडला मला बघून परत जाताना श्रेणिक त्यांच्या आईला म्हणाले होते. त्या एका वाक्यावर आमचं लग्न झालं. सांगलीत येऊन इतकी वर्षं झाली, मी ते वाक्य खोटं ठरू दिलेलं नाही.
आजपासून आम्हा जैनांचं पर्युषण पर्व. दहा दिवस, दहा धर्म, पहिला क्षमेचा. संकल्प: मनाने, वाचेने, कायेने हिंसा नाही. टीव्ही चालेल. कुठल्याही व्रतात टीव्हीचं नाव नाही. पहाटे अमेरिकन ओपन, संध्याकाळी युरोपातलं बास्केटबॉल. माझं भाकीत: टेनिसमध्ये माझा डावखुराच जिंकणार. बास्केटबॉलमध्ये निळा संघ. दोन्हीकडे शांतपणे.

२९ ऑगस्ट, पहाटे. मार्दव, म्हणजे मृदुपणा.
डावखुऱ्याचे लागोपाठ डबल फॉल्ट. उशी फाटली. कापूस अजून पंख्यावर आहे.
पण उशी अजीव. पाठशाळेत शिकलेय, अजीवाची हिंसा होत नाही. जीव सुरू होतो एकेंद्रियापासून, म्हणजे झाडपाला. तिथून चढत चढत पंचेंद्रिय, म्हणजे माणसं. उशी यात कुठेच बसत नाही. व्रत शाबूत.

३१ ऑगस्ट.
रिमोट भिंतीवर. स्टूल लाथेने बाल्कनीत. अजीव, अजीव.
टीव्हीतल्या पंचाला मी म्हणाले, तुला खुर्चीसकट कृष्णेत बुडवीन. सासूबाई जप सोडून ओरडल्या, "आगं, शेजारी मुनी महाराजांचा आहार हाय आज! आन् तू कुणाला बुडवतीस?" वाचेची हिंसा धरत नाही. पंचाला मराठी येत नाही.
हे फक्त "हळू गं" म्हणाले. उठून टीव्हीपाशी गेले, हाताने आवाज कमी केला.

२ सप्टेंबर. संयम.
सासूबाईंनी विचारलं, "ही माणसं एवढी कण्हत्यात का गं? पोटात दुखतंय व्हय?" समजावणं माझं कर्तव्य. फोरहँड हा स्वभाव आणि बॅकहँड हा संस्कार, हे माझं मत मी त्यांना सांगितलं. मग लेकीची जुनी रॅकेट काढून फोरहँड दाखवला. मोगऱ्याची कुंडी खालच्या मजल्यावर, झाड त्याच्याही खाली.
मोगरा म्हणजे एकेंद्रिय. पहिला जीव. प्रायश्चित्त म्हणून आज एकदाच जेवायचं ठरवलं. संध्याकाळी निळ्यांची मॅच होती, रिकाम्या पोटी राग येतो. म्हणून जेवले. हिंसा टाळण्यासाठीच.

४ सप्टेंबर. त्याग.
निळे एका गुणाने मागे. हे शेजारी येऊन बसले आणि आपणहून म्हणाले, "फाऊल म्हंजे नेमकं काय गं?"
इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मला भरून आलं. म्हटलं, उठा, दाखवते. समजा, तुम्ही बॉल घेऊन आलात, मी अशी वळले, आणि कोपर असं.
समोरचा दात गेला. पूजेच्या पांढऱ्या धोतरावर रक्त.
डॉक्टरांनी विचारलं, कशाने लागलं? मी म्हटलं, बास्केटबॉल. म्हणाले, खेळता? मी म्हटलं, बघते.
मधल्या सगळ्या पायऱ्या गाळून मी थेट पंचेंद्रियावर गेले. पण दात आधीपासून हलत असणार. आणि फाऊल त्यांना आता नक्की कळला.

५ सप्टेंबर. आकिंचन्य, म्हणजे माझं म्हणून काही नाही.
हे बहिणीकडे कोरेगावला गेले. मफलरने तोंड झाकून. टाके आहेत म्हणून असेल.
सासूबाई म्हणाल्या, "तवाच मी त्येला म्हटलं हुतं. पोरगी शांत हाय खरं, पर तिचं ध्यान तुझ्या खांद्यामागं कुठं हाय ते बघ!"
कराडला मला बघायला आले तेव्हा यांच्या खांद्यामागे टीव्ही होता. आवाज बंद केलेला. सेटचा निकाल लावणारा टायब्रेक चालू होता. त्यांनी मला काय काय विचारलं, मला आजही माहीत नाही. मी सगळ्याला मान हलवली.

६ सप्टेंबर, पहाटे.
सेमीफायनल. डावखुरा जिंकला. मी टाळीसुद्धा वाजवली नाही. आवाज मोठा ठेवला, कुणी कमी केला नाही. "हळू गं" ते टीव्हीला म्हणत नव्हते, एवढं कळायला त्यांना कोरेगावला जावं लागलं. स्टूल हाताशी होतं. मारावंसं वाटलं नाही. याला संयम म्हणावं का, सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "झोप जा."

७ सप्टेंबर.
रात्री फायनल. सगळ्यांची क्षमा मागायची ती उद्या, क्षमावाणीला. मी आजच फोन केला. वन्संनी उचलला. "वहिनी, क्षमा उद्या असतीया. आज फायनल हाय म्हणून आज मागताय व्हय?" मागून कुणीतरी हसलं. दात नसलेल्या माणसाचं हसू असावं. वन्सं म्हणतात, मांजर होतं.
मग मेसेज लिहिला. माझं भाकीत: नकार, सरळ सेट्समध्ये. तरी पाठवते.
"उत्तम क्षमा. त्या दिवशी कराडला मला काय विचारलं होतंत ते परत विचारा, टीव्ही बंद ठेवते. नाहीतर फायनललाच या. डाव्या बाजूला बसा. माझा उजवा हात तुमच्या आई धरून बसतील."