पहिल्या खिळ्याचा दोरा

माझ्या लाडक्या आईला, ग्रीसहून तुझ्या रोसित्साचा घट्ट मिठीसह नमस्कार.

मी मजेत आहे. कड्यावर चढणाऱ्यांच्या या कॅम्पात दुपारपर्यंत भांडी घासायची, मग कडा आपलाच. जेवण पोटभर मिळतं. तुझी कंबर कशी आहे?

तू मार्चसाठी पाठवलेला लाल-पांढरा दोरा मी मनगटाऐवजी कड्यावर मी शोधलेल्या चढाईच्या वाटेच्या पहिल्या खिळ्याला बांधला. इथे खिळ्याला लाल काही दिसलं की लोक समजतात, जिने वाट शोधली तीच आधी चढणार. महिनाभर दोराला लोंबकळून, सैल दगड काढून मी ती साफ केली. खाली उभं राहून माझा दोर आपल्या कालोयानने धरला.

काल मी भांडी घासत असताना कालोयानच ती वाट माझ्याआधी चढून आला. दोरा माझ्या हातावर ठेवून हसत म्हणाला, "झाड फुललं की सोडायचा असतो ना गं? बघ, जर्दाळू फुललाय!"

"जीव तुझ्या हातात दिला होता रे!"

"मग? सांभाळला की!"

काळजी करू नकोस, आता दुसरी मुलगी दोर धरते. चांगली आहे. पण खाली बघितल्याशिवाय माझा पाय उचलला जात नाही.

आणि कालोयानसाठी विणायला घेतलेले मोजे उसवून टाक. त्याच लोकरीचे माझ्या मापाचे कर.

तुझीच,
रोसित्सा