सीडरच्या वळणावर मासेमारी बंद

शुगर लँड, टेक्सस
५ मे २०२४

चि. चैत्राली हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या आईचा फोन येऊन गेला. गिरिजा तिकडून बोलते आणि मी इकडून टाळ्या वाजवतो. एक टाळी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेल्यापासून आम्हा भावाबहिणीचं भांडण फारच एकतर्फी झालं आहे. मोबाईलवर अंगठ्यानं लिहिणं मला जमत नाही, आणि तुझ्या त्या जंगलातल्या संशोधन केंद्रावर सिग्नल पोचत नाही असं कळलं. खरं सांगू, बरं वाटलं. आता तुला माझं पत्रच वाचावं लागेल.

मुद्द्याचं लिहितो. दुखणं परत आलं आहे, या वेळी फुप्फुसात. डॉक्टरीणबाई भली आहे. आणखी औषधांनी तुमचा छळ करणार नाही म्हणाली. दिवाळीचं विचारलं तर खिडकीबाहेर बघायला लागली. प्रसादचं तोंड एवढंसं झालंय. बाप मी आहे की तो, हेच कळेनासं झालंय.

तर, मला जुलैत तुझ्या नदीवर यायचं आहे. तुझी कसली, माझीच. तू काल आलीस. मिशिगनला शिकायला आलो तेव्हापासून मी त्या सीडरच्या वळणावर गळ टाकत आलो. तुझी सरलामामी तिथल्या आडव्या पडलेल्या सीडरच्या झाडावर थर्मास घेऊन बसायची. ती वेंगुर्ल्याची. जावई मासा धरून परत पाण्यात सोडतो हे बाबांना आधी कळलं असतं तर लग्न मोडलं असतं, असं ती दर वर्षी न चुकता म्हणायची. ती गेल्यापासून मी तिकडे फिरकलो नाही. आता एक संध्याकाळ हवी आहे आणि एक ट्राउट, तोही सोडून द्यायला. दुसरं काही मागणं उरलेलं नाही.

मायेत काटकसर करू नकोस.
तुझा,
मोहनमामा

*

संशोधन केंद्र, उत्तर मिशिगन
१९ मे २०२४

ती. मोहनमामास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र नदीवर नेऊन वाचलं. रडू येईल ते कुणाला दिसू नये म्हणून. आलंच. तू असलं काही लिहितोस आणि मध्येच मामीची गंमत सांगतोस, मग माणसानं करायचं काय?

तू जरूर ये. तुझं झाड अजून आहे. एक टोक पाण्यात खचलंय, पण बसता येतं. माझं काम नेमकं त्याच वळणावर चालतं. ब्रुक ट्राउटच्या पोटात छोटा ट्रान्समीटर बसवते आणि काठाकाठानं अँटेना घेऊन, कोण कुठे आहे ते ऐकत हिंडते. आईला वाटतं मी तळं राखते आहे आणि एक दिवस सुरमई पाठवीन.

आमच्या ऑफिसात एक जुना फोटो आहे. नव्या विद्यार्थ्याला आधी त्याच्यासमोर उभं करतात. नदी दिसतच नाही, नुसते ओंडके. इथली पाइनची जंगलं तोडली आणि वसंतातल्या पुरात ओंडके खाली सोडले. त्यांनी तळ खरवडला, वाळूखड्यांतली माशांची अंडी गेली. तेव्हा या नदीत ग्रेलिंग नावाचा मासा होता, पाठीवर शिडासारखा उंच पर असलेला. लोक बादल्या भरभरून न्यायचे. जंगल गेलं, सावली गेली आणि ग्रेलिंगही गेला. नंतर जर्मनीहून ब्राउन ट्राउट आणून सोडले, ते तगले. ब्रुक ट्राउट जिथे थंड झरे आहेत तिथे उरलेत. तुझ्या वळणावर असा एक झरा आहे. या हिवाळ्यात बर्फ फार कमी पडलं, त्यामुळे झऱ्याची धार बारीक आहे. तेवढी एक काळजी.

तब्येतीला जप. मला विसरू नकोस असं लिहिणार होते, पण तू विसरणाऱ्यांतला नाहीस.
तुझी,
चैत्राली

*

संशोधन केंद्र
२८ जून २०२४

ती. मोहनमामास,
सा. न. वि. वि.

तिकिटं काढल्याचं तुझं कार्ड मिळालं. ते टेबलासमोर लावलंय आणि त्याच्याकडे न बघता हे लिहिते आहे.

केंद्राच्या हद्दीतला नदीचा पट्टा, सीडरच्या वळणासकट, एक जुलैपासून मासेमारीला बंद होतोय. बंद करावा असा अहवाल मी दिला. दुपारी पाणी इतकं तापतं की ब्रुक ट्राउटला सोसत नाही. होते नव्हते ते सगळे झऱ्याच्या तोंडाशी एकमेकांना खेटून उभे आहेत.

तू म्हणशील, मी तर सोडूनच देतो. मामा, गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो. गळाला लागलेला मासा झुंजून दमतो. सोडला की शेपूट हलवत जातो, आपण समाधानानं घरी येतो, आणि तो नजरेआड जाऊन मरतो. मला अँटेनावर कळतं. आवाज एकाच जागी राहतो, हलत नाही.

तुझ्याबद्दल मी प्रोफेसरांना सांगितलं. ते म्हणाले, एका माणसाला एक संध्याकाळ द्यायला हरकत नाही, पण अहवाल तुझा आहे, तू ठरव. मी ठरवलं. नाही म्हटलं. स्वतःच्या मामासाठी दार उघडलं तर उद्या दुसऱ्याला कुठल्या तोंडानं अडवू? आणि त्या झऱ्यापाशी एकही मासा जास्तीचा नाही.

सप्टेंबरात पाणी निवतं. हंगाम महिनाअखेरपर्यंत असतो. सप्टेंबरपर्यंत थांबशील का? हे तुला विचारण्याचा मला हक्क नाही, हे कळतं. तरी विचारते.

रागावलास तरी लोभ तोडू नकोस.
चैत्राली

*

शुगर लँड
५ जुलै २०२४

संशोधिका चैत्रालीबाई यांस,

अहवाल पोचला. तुला रत्नागिरीच्या कॉलेजातून इथे पाठवायला गिरिजा तयार नव्हती. मी भांडलो. पोरीला मासे कळतात, तिला जाऊ दे म्हटलं. ते मलाच नदीतून हाकलायला? सप्टेंबर म्हणतेस. सप्टेंबर काय तुझ्या फ्रीजमध्ये ठेवलाय? तिकिटं कॅन्सल केली. प्रसाद म्हणाला, बाबा, दुसरी नदी बघू. त्याच्यावर पेला फेकला. प्लास्टिकचा होता.

१३ जुलै

चि. चैत्राली,
वरचा मजकूर पोस्टात टाकला नव्हता. फाडलाही नाही, कारण मला किती राग आला ते तुला कळायला हवं.

आठवडाभर एकच गोष्ट डोक्यात आहे. सरलाला रजा ऑगस्टात मिळायची, म्हणून आम्ही बहुतेक ऑगस्टातच तिथे जायचो. काठावरच्या दगडांवर बसवत नसे, इतके ते तापायचे. मी सोडलेला प्रत्येक मासा तुरुतुरु निघून जायचा आणि मी तिला म्हणायचो, बघ, वाचला. आता किती वाचले असतील कुणास ठाऊक. डॉक्टरांनी मलाही असंच सोडलंय. छान शेपूट हलवत घरी आलो.

तू बरोबर केलंस. मला ते आवडलेलं नाही, अजिबात नाही, पण बरोबर केलंस. सप्टेंबरचा प्रयत्न करतो.

राग गेला, माया आहे तिथेच आहे.
मोहनमामा

*

संशोधन केंद्र
८ सप्टेंबर २०२४

ती. मोहनमामास,
सा. न. वि. वि.

पाणी निवलं! परवा बंदी उठली. झऱ्यापाशी उभे होते त्यातले बरेचसे वाचले, आणि आता नदीभर पांगलेत. नरांना रंग चढायला लागलाय. केंद्राची जीप थेट काठापर्यंत जाते, म्हणजे तुला चालावं लागणार नाही. खुर्ची मी आजच नेऊन ठेवलीय. प्रसाददादाला सांग, तारीख कळव, मी विमानतळावर येते. मामा, लवकर कर.

वाट बघणारी,
चैत्राली

*

शुगर लँड
१४ सप्टेंबर २०२४

चि. चैत्राली हिस,
आशीर्वाद.

अक्षर लागलं नाही तर अंदाजानं वाच. घरी ऑक्सिजनचं यंत्र आलंय. नाकात नळ्या आहेत. विमानाचं नाव काढलं की नर्स हसते. मी येत नाही, बाळ.

माझा रॉड आणि गळाला बांधायच्या पिसांच्या खोट्या माश्यांची डबी प्रसाद पार्सलनं पाठवतोय. तू माशांना बेशुद्ध करतेस, वजन करतेस, पोटात यंत्रं घालतेस, पण गळ एकदाही टाकला नाहीस. हे आपल्या घराण्याला शोभत नाही. हंगाम संपायच्या आत माझ्याऐवजी तू टाक. झाडाच्या वरच्या अंगाला उभी राहा. सावली पाण्यावर पडू देऊ नकोस. घाई करू नकोस. मग मला सगळं लिही, काही गाळू नकोस. आणखी सांगायचं होतं, पण दम लागला.

मामा

*

संशोधन केंद्र
२७ सप्टेंबर २०२४

ती. मोहनमामास,
सा. न. वि. वि.

टाकला!

पहिल्यापासून सांगते. दुपारी ढग आले म्हणून निघाले. पहिल्यांदा दोरी मागच्या झुडपात अडकली. दुसऱ्यांदा माझ्याच टोपीत. तिसऱ्यांदा मी इतक्या जोरात फेकली की पलीकडच्या काठावरचं बदक शिव्या देत उडालं. तुझ्या दोन माश्या झाडावर राहिल्या, त्याबद्दल नंतर रागव. मग मी मामीच्या जागेवर जाऊन बसले आणि थोडं रडून घेतलं. खुर्ची रिकामी होती ना, म्हणून.

उठले तेव्हा वारा पडला होता. तू म्हणतोस तशी झाडाच्या वरच्या अंगाला उभी राहिले. माशी प्रवाहाबरोबर झऱ्याकडे गेली आणि तिथे पाण्यात एक वळसा दिसला. मला वाटलं पान असेल. मग रॉडच ओढला गेला. मामा, मी शेकड्यांनी मासे हाताळलेत, पण असा जिवंत ओढा कधी हाताला लागला नव्हता. मी मोठ्यानं तुझं नाव घेतलं. ऐकायला कोणी नव्हतं.

ब्रुक ट्राउटचा नर होता. पोटाखाली गर्द केशरी, परांच्या कडा पांढऱ्याशुभ्र, पाठीवर जुनी नक्षी. फार मोठा नाही, माझ्या वितीपेक्षा थोडा जास्त. पोटावर टाक्यांचा वण नव्हता, म्हणजे माझ्या यादीतला नाही. उन्हाळा तो आपला आपण काढून आलेला. गळ सहज निघाला. पाण्यातच थोडा वेळ धरला, कल्ले नीट हलू लागले तशी मूठ सोडली. लगेच गेला नाही. माझ्या बुटांपाशी थांबला, आणि मग झऱ्याकडे गेला. पाणी थंड आहे. हा जगेल, मामा. हे मी तुला अहवालात लिहावं तसं लिहून देते.

तुझ्याऐवजी टाकला खरा, पण तुझी जागा काही भरली नाही.
तुझी,
चैत्राली

*

शुगर लँड
७ ऑक्टोबर २०२४

चि. चैत्राली,

फोनवर तुला बाबा गेल्याचं सांगितलं आणि मग मला बोलताच येईना. म्हणून लिहितो. माझं मराठी लिहिणं कसं आहे तुला माहीत आहे. बाबांनी दर रविवारी जबरदस्तीनं शिकवलं तेवढंच.

तुझं पत्र ते जायच्या आदल्या दुपारी आलं. मी वाचून दाखवलं. टोपीत दोरी अडकली तिथे बाबांचे खांदे हलले. आवाज नाही, पण हसत होते. केशरी पोटाचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग खूण करून कागद मागितला. पेन हातात राहत नव्हतं, मी मनगट धरलं. खूप वेळ लागला. लिहिलं, ‘हात ओले केले होतेस का?’

मला वाटलं त्यांना हात पुसून हवेत. टॉवेल भिजवून आणला. त्यांनी मान हलवली आणि तुझ्या पत्रावर बोट ठेवलं. तेव्हा कळलं, हा प्रश्न तुला आहे. म्हटलं, आत्ता विचारतो. तुमच्या ऑफिसला फोन केला, कोणी उचलला नाही, मेसेज ठेवला. बाबा दाराकडे बघत होते. पहाटे गेले. तुझा फोन आला तेव्हा उशीर झाला होता.

मी कधी मासे पकडले नाहीत. दर वेळी बाबा चल म्हणायचे आणि मला बोअर व्हायचं. हात ओले कशासाठी करायचे असतात? कोणाला विचारू कळत नाही.

आता या देशात आपण दोघंच आहोत असं वाटतं, येत जा.
प्रसाद

*

संशोधन केंद्र
१२ ऑक्टोबर २०२४

ती. प्रसाददादास,
सा. न. वि. वि.

माशाच्या अंगावर एक बुळबुळीत थर असतो. तोच त्याला रोगापासून जपतो. कोरड्या हातानं धरलं तर तो थर हाताला लागून निघतो, आणि मासा पुढे काही दिवसांनी मरतो. म्हणून माशाला शिवायच्या आधी हात नदीत बुडवायचे. मामाला हे मला सांगायचं होतं, पण पत्र लिहिताना दम लागला. नंतर त्याचाच घोर लागला असणार.

मी त्याला बदकसुद्धा लिहिलं, दादा, आणि हे लिहिलं नाही. मी रोजच करते, म्हणून ते लिहायचं असतं हे सुचलंच नाही. त्या एका वाक्यावाचून तो दाराकडे बघत राहिला, ते माझ्या मनातून जात नाही. त्याची नदीवरची शेवटची संध्याकाळ मी घेतली. मासे वाचले आणि तो आला नाही. पुन्हा तोच उन्हाळा आला तर मी पुन्हा नाहीच म्हणेन, आणि पुन्हा अशीच रडेन. त्यानं मात्र शेवटी माझ्यावरचा राग काढला नाही. त्या माशाचं कसं होईल, एवढंच विचारलं.

पुढच्या सप्टेंबरात तू इकडे ये. गळ टाकायचा नसेल तर मामीच्या जागेवर बस. आपण दोघांनीच आता एकमेकांना पत्रं लिहायची आहेत, तेवढं जमव.

आणि हे पत्र मिळेल त्या संध्याकाळी दिवा लावशील तेव्हा फोटोसमोर उभा राहून मोठ्यानं सांग. बाबा, चैत्रालीनं हात ओले केले होते. दोन्ही.

तुझी,
चैत्राली