दादाची चाळणी

प्रिय दादा,

फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. पत्राला "मीटिंगमध्ये आहे" असं सांगून कटवता येत नाही, आणि तू कुठल्याही मीटिंगमध्ये नसतोस हे वहिनीनं मला केव्हाच सांगितलंय. तू खिडकीजवळच्या खुर्चीत बसतोस, चहा गार होऊ देतोस आणि वर्कशॉपची किल्ली खुंटीला तशीच लटकतेय. उपचार संपले, केस परत आले, वहिनीच्या मते पहिल्यापेक्षा दाट आले, तरी तू काही कुलूप उघडत नाहीस. लोक आपले काटे आणि मापकं तपासून घ्यायला येतात, तर तीच त्यांना काहीतरी सांगून परत पाठवते. फोनवर ती रडली नाही हं. तुझी बायको रडणाऱ्यांतली नाही. एवढंच म्हणाली, "तुझं ऐकतो तो, तूच काहीतरी लिही." तू माझं ऐकतोस ही तिची समजूत मी खोडून काढली नाही.

पण तू मला कटकट म्हणतोस म्हणून मी तुला उपदेश करणार नाहीये, घाबरू नकोस. मला नदीबद्दल लिहायचंय. हे दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही, आणि ज्याला कळेल तो फोन उचलत नाही.

मी काय काम करते हे आपल्या घरात अजून कुणाला धड सांगता येत नाही. मावशीला वाटतं मी झाडं लावते. वहिनीच्या आई पाहुण्यांना सांगतात, "ही कॉम्प्युटरवर नदी बघते." डेटा सायंटिस्ट म्हटलं की लोक आदरानं मान हलवतात आणि पटकन विषय बदलतात. खरं तर वहिनीच्या आईंचंच वर्णन सगळ्यांत बरोबर आहे. पाणी खात्याच्या जुन्या पंपघराच्या वर माझी खोली. खाली पंपांची घरघर चालू असते, त्यानं टेबल बारीक थरथरतं, पेनं आपोआप घरंगळतात, आणि समोरच्या पडद्यावर नदीतून आकडे येत राहतात. पुलांखाली आम्ही तीन नळ्या बुडवून ठेवल्या आहेत. पाण्यात प्राणवायू किती विरघळलाय ते त्या मोजतात आणि वर पाठवतात. आम्ही त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणतो. थोरली पार वर, जिथं नदी अजून शहराला भेटलेली नाही. धाकटी खाली, बंद पडलेल्या कारखान्यांच्या पलीकडे. आणि मधली आपल्या जुन्या घरामागच्या लोखंडी पुलाखाली.

तो पूल आठवतो ना? शाळेतून आलं की दप्तर न टाकताच आपण कठड्याला लटकायचो आणि आज नदी कुठल्या रंगाची यावर पैज लावायचो. वरच्या रंगकारखान्यात ज्या रंगाचं कापड निघेल त्या रंगाचं पाणी. तू नेहमी निळा म्हणायचास आणि नेहमी हरायचास, आणि हरणाऱ्यानं रात्रीची भांडी घासायची असल्यामुळे माझं बालपण फार सुखात गेलं. नदीला मुळात पाण्याचाच रंग असतो हे आपल्याला चित्रकलेच्या तासाला कळलं, आणि तेव्हाही ते बाईंनी ठोकून दिलं असेल असंच वाटलं. तिच्यात कधी काही जिवंत होतं असं आपण तरी पाहिलं नाही. आई खिडकी लावून घ्यायची, बस्स.

पहिल्या नोकरीत मी कुठलं गिऱ्हाईक कुठला शॅम्पू उचलेल याचे अंदाज बांधायची आणि ते भलतेच बरोबर यायचे. ती सोडून मी या पंपघरात येते म्हटल्यावर सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. तू काढलं नाहीस. तू फक्त विचारलंस की तुमच्या नळ्या तपासून कोण देतं. मग एका रविवारी वर्कशॉपमध्ये मला स्टुलावर बसवून तू सगळं शिकवलंस. यंत्रावर प्रेम करायचं नाही. प्राणवायू नसलेल्या पाण्याला ते शून्य दाखवतं का आणि प्राणवायूनं भरलेल्याला भरलं दाखवतं का, ते आधी बघायचं. मधलीच्या तोंडाशी जो पातळ पडदा असतो तो फाटला की आकडा खुशाल वर चढतो, म्हणून मेलेल्या नदीतून चांगला आकडा आला तर भुलायचं नाही, तो बिघाड समजायचा. तुझं वाक्य मला तोंडपाठ आहे: "इतकं चांगलं असूच शकत नाही." मी ते जसंच्या तसं प्रोग्राममध्ये घातलं. लोखंडी पुलापासून खाली एका मर्यादेच्या वर आलेला प्रत्येक आकडा आपोआप बाजूला जाऊन पडायचा. ऑफिसात त्या नियमाला आजही "दादाची चाळणी" म्हणतात. दादा कोण हे निम्म्या लोकांना ठाऊकही नाही, तरी म्हणतात.

तर झालं असं, की आमच्या प्रमुख बाईंनी फर्मान काढलं, साठवणीची जागा संपत आलीय, चाळणीवर अडकलेला सगळा कचरा पुसून टाका. काम माझ्याकडे आलं. आता आईची सवय तुला माहीत आहे. कपडा भिजवण्याआधी ती प्रत्येक खिसा उलटा करायची, आणि त्यामुळे तुझी कितीतरी गुपितं धुतली न जाता थेट तिच्या हातात पडली. ती सवय मला लागलीय. पुसण्याआधी मी तो कचरा एकदा पडद्यावर मांडून पाहिला.

दादा, बिघडलेलं यंत्र कसं बडबडतं ते तू माझ्यापेक्षा जास्त पाहिलंयस. ते उसळतं, अडकतं, मधेच गप्प होतं. हे तसं नव्हतं. सकाळ झाली की आकडे हळूहळू वर चढत होते, दुपार कलताना सगळ्यांत वर पोचत होते, आणि अंधार पडला की तितक्याच सावकाश उतरत होते. रोज. वर, खाली. वर, खाली. मी एक महिना पाहिला, मग मागचा, मग त्याच्याही मागचा. ढगाळ दिवशी चढ बुटका होता. आणि त्या ग्रहणाच्या दिवशी, आपण सगळे काळे चष्मे लावून गच्चीत उभे होतो बघ, त्या दिवशी चढत्या रेषेला मधेच एक छोटीशी खाच पडली होती. सूर्य झाकला गेला तेवढा वेळ नदी थबकली होती, आणि ऊन परत आल्यावर पुन्हा चढायला लागली होती. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो तुझ्याकडे तपासायला पाठवायची गरज नव्हती.

ती श्वास घेत होती रे. पाण्याखाली काहीतरी हिरवं उगवलं होतं आणि ते ऊन खाऊन प्राणवायू सोडत होतं. वरचे कारखाने बंद झाले, सांडपाणी स्वच्छ करणारा प्रकल्प सुरू झाला, आणि कुणाचं लक्ष नसताना आपली रंगीत नदी जिवंत व्हायला लागली. आणि ती जिवंत असल्याचे पुरावे आपली चाळणी रोज इमानेइतबारे कचऱ्यात टाकत होती. मी एकटीच खुर्चीत मोठ्यानं हसले. शेजारच्या टेबलावरच्या नकाशेवाल्यानं विचारलं, काय झालं. मी नुसती पडद्याकडे बोट दाखवत राहिले. तो आला, त्यानं बघितलं, आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून तोही रेषेचे चढउतार मोजायला लागला.

मग मी तुझी शिष्या झाले. एका यंत्राचं ऐकू नये, दुसरं तेच बोलतंय का बघावं, हाही तुझाच धडा. मी धाकटीचे टाकलेले आकडे काढले. हुबेहूब तोच आकार. आणि धाकटी वेगळ्या बनावटीची, प्रकाशानं मोजणारी. तिला फाटायला पडदाच नाही.

तरी माझा विश्वास बसेना, म्हणून दुपारी नळ्या साफ करणाऱ्या बाईंबरोबर मी लोखंडी पुलाखाली उतरले. इतकी वर्षं या नदीचे आकडे बघतेय, पण तिच्यात पाय घालून उभी अशी कधी राहिले नव्हते. पाणी पोटरीपर्यंत, आणि तळाचे गोटे दिसत होते. आपल्या पुलाखाली गोटे आहेत, दादा! त्यांवर लांब हिरव्या झिपऱ्या प्रवाहात हलत होत्या, आणि त्यांच्या टोकांवर चंदेरी बुडबुडे. मोहरीएवढे. एकेक फुगायचा, सुटायचा आणि वर यायचा. त्यामागून दुसरा. जे मी पडद्यावर मोजत होते ते माझ्या पोटऱ्यांपाशी डोळ्यांनी दिसत होतं. बाई म्हणाल्या, "मॅडम, बूट भरले तुमचे." भरले होते खरे. मी तशीच उभी राहिले. आयुष्यात मी देवळात इतकी शांत उभी राहिलेली नाही, आणि हे मावशीला सांगू नकोस.

आता अडचण. नदी मेलीच आहे असं धरून लोखंडी पुलापासून खाली तिच्यावर स्लॅब टाकायचा आणि वर रस्ता करायचा असं ठरत आलंय. ते ठरवणाऱ्या समितीपुढे मी हे सगळं मांडलं. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले की तुमचं यंत्र बिघडलं असणार, इतकं चांगलं असूच शकत नाही. मी आधी चिडले आणि मग मला हसू आलं, कारण तो आवाज थेट तुझा होता. शेवटी एवढं ठरलं की खात्याबाहेरच्या, मापकं प्रमाणित करण्याचा परवाना असलेल्या माणसानं नळ्या तपासून लेखी द्यावं. पुढच्या बैठकीआधी. नाहीतर स्लॅब. त्यांनी नाव मागितलं आणि मी जागच्या जागी तुझं दिलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर तू फोन उचलला नसतास.

आणि आता खरं कारण. वहिनीनं मला सगळं सांगितलंय. तुझा शेवटचा रिपोर्ट स्वच्छ आला. गाठ नाही, कुठेच काही नाही. तू डॉक्टरांना विचारलंस की तुमचं मशीन शेवटचं कधी तपासून घेतलं. मग दुसऱ्या हॉस्पिटलात, दुसऱ्या मशीनवर, पुन्हा सगळं करवून घेतलंस, आणि तिथंही तेच आलं. तेव्हा घरी येऊन तू म्हणालास, इतकं चांगलं असूच शकत नाही, आणि खुर्चीत जाऊन बसलास. फोन ठेवल्यावर मी खूप रडले. मला तुझी चाळणी दिसत होती, तू बरा असल्याची एकेक खूण बाजूला टाकणारी. भीती वाटते हे मला कळतं, दादा. मलाही वाटते, नदीसाठीही वाटते आणि तुझ्यासाठीही. उद्या काय होईल ते मला सांगता येत नाही, मी आकडेवाली आहे, ज्योतिषी नाही. पण दोन वेगळी यंत्रं दोन वेगळ्या ठिकाणी एकच बोलली की त्याला बिघाड म्हणायचं नाही, हे तू मला त्या स्टुलावर बसवून शिकवलंयस. तेव्हा किल्ली काढ, पेटी घे आणि ये. मधलीला शून्यात बुडव, भरल्यात बुडव, हवं तेवढं उलटसुलट बघ. पडदा फाटलेला निघाला तर मी समितीला तसं सांगेन, आणि तू म्हणशील तितके दिवस तुझ्या घरची भांडी घासेन. नाही निघाला, तर नदीचा आकडाही खरा धरायचा आणि तुझा रिपोर्टही. मग माझ्या घरची भांडी तुझी. मी नवी घासणी आणून ओट्यावर ठेवलीय. निळी आणलीय.

वाट बघणारी,
तुझीच,
कटकट